कठडा मार्गस्थ आहे

जिन्याच्या कठड्याचा एक स्क्रू ढिला झाला. घटना एवढीच. जगात रोज कितीतरी स्क्रू ढिले होतात आणि त्यातले बरेचसे तर कठड्यांतले नसतातही. पण हा स्क्रू ज्या घरी ढिला झाला, ते घर प्रलंबित प्रकरणे कक्षाच्या प्रमुखांचं होतं. त्यामुळे त्याची हकीकत पहिल्यापासून सांगणं भाग आहे.

घर पहिल्या मजल्यावर. खाली उतरायला भिंतीलगत बाहेरून जिना, जिन्याला लाकडी कठडा, आणि तो कठडा धरून रोज संध्याकाळी खाली उतरणारे कक्षप्रमुखांचे वडील. घरात त्यांना सगळे नाना म्हणत. नानांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता, आणि आता त्यांचं जग जिन्याखालच्या अंगणातल्या एका बाकापुरतं उरलं होतं. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती, कारण त्या बाकावर तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमन बुद्धिबळाचा पट मांडून बसलेले असत. दोघांचा एकेक डाव आठवडा-आठवडा चाले. नाना चाल करण्यापूर्वी फार विचार करत, आणि पोस्टमन चाल करून झाल्यावर.

असाच एक डाव ऐन रंगात आला होता. नानांच्या मते पोस्टमनचा राजा आता दोन दिवसांचा सोबती होता. संध्याकाळी नाना मोठ्या उमेदीने निघाले, वरच्या पायरीवर कठड्याला हात टेकला, आणि कठडा बाहेरच्या बाजूला कलला. नाना पडले नाहीत. ते फक्त मागे फिरले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

"काय झालं, नाना? गेला नाहीत?" सुनेने विचारलं.

"जिन्याने विचारलं, पडतोस का? म्हटलं, आज नको."

हात धरून खाली न्यायला सून तयार होती, नात तर टपूनच होती. पण नाना हट्टाला पेटले. "मी काय सामान आहे खाली पोचवायला? कठडा घट्ट झाला की माझा मी उतरेन," असं त्यांनी जाहीर केलं. पोस्टमनच्या गुडघ्यांनी जिना चढणं कधीच सोडलं होतं. वरून ओरडून चाली सांगण्याचाही प्रयोग झाला. पण समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत येऊन सल्ले द्यायला लागले, आणि एका बाईंनी तर नानांचा घोडा परस्पर मागे घ्यायला लावला, तेव्हा तो प्रयोग बंद पडला. शेवटी पोस्टमननी पट भरल्या ताटासारखा अलगद उचलून घरात नेला, टेबलावर ठेवला आणि मांजराने सोंगट्या पाडू नयेत म्हणून त्यावर बादली उपडी घातली.

"बादलीखाली सगळं जसंच्या तसं आहे हो, मास्तर!" ते खालून ओरडले. "वाट बघतो!"

"नाना, तुम्ही हात लावू नका. मी करतो," कक्षप्रमुख म्हणाले. आणि ते खरोखरच करणार होते, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. रविवारी सकाळी ते स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन दारापर्यंत गेले. तिथे त्यांना न्हाणीघरातला गेलेला दिवा आठवला. दिव्यावरून अडकणारा खण आठवला, खणावरून पडद्याची दांडी. ते उंबऱ्यातच थबकले. कपाळाला आठ्या पडल्या.

"हे असं आठवेल तसं करत सुटायचं, हेच सगळ्या गोंधळाचं मूळ आहे," ते म्हणाले.

त्यांच्या पत्नी दातांच्या डॉक्टर होत्या. दवाखान्यात निघता निघता त्या म्हणाल्या, "अहो, हातात आहेच तर हातासरशी आवळून टाका ना."

"हातासरशी!" घरात कोणीतरी शिवी दिल्यासारखं त्यांनी मागे वळून पाहिलं. "हातासरशी कामं केल्यानेच घराची ही अवस्था झालीय."

"कोणती अवस्था?"

"तेच तर आपल्याला माहीत नाही! आधी पाहणी करावी लागेल. मग एक पद्धत. अगदी साधी. घरालाही चालेल आणि ऑफिसलाही."

पद्धतीच्या बाबतीत या गृहस्थांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांचा कक्ष प्रलंबित प्रकरणं कमी करण्यासाठी स्थापन झाला होता. प्रकरणं संपताच कक्ष बंद होईल अशी तरतूदही त्याच आदेशात होती, त्यामुळे कक्ष फार जपून काम करी. कक्षप्रमुख रुजू झाले तेव्हा प्रलंबित प्रकरणांनी कपाटं ओसंडत होती. महिन्याभरात त्यांनी एकही प्रकरण प्रलंबित ठेवलं नाही. त्यांनी एक नवा शिक्का बनवून घेतला, 'मार्गस्थ', आणि तो सगळ्या प्रकरणांवर मारला. प्रकरणं त्याच कपाटांत राहिली, पण आता ती निघालेली होती. नळ येत नाही म्हणून खेटे घालणाऱ्या म्हाताऱ्यालाही आपला अर्ज मार्गस्थ आहे म्हटल्यावर हायसं वाटे. निघालाय म्हणजे पोचेल कधीतरी, असं म्हणत तो जिना उतरून जाई.

तर घरच्या पद्धतीसाठी एक मोठा फळा आला. फळा टांगायला दिवाणखान्याच्या भिंतीला भोक होतं, खिळा मात्र सापडेना. कक्षप्रमुखांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. त्यांनी तो भोकात ठोकून बसवला आणि त्यावर फळा अडकवला. "तात्पुरता हं," असं ते सगळ्यांना सांगत होते. आयुष्य सरकारी कचेरीत घालवलेल्या माणसाने हा शब्द जरा जपून वापरायला हवा होता.

फळ्यावर चार खण आखले गेले. पहिला तातडीच्या आणि महत्त्वाच्या कामांचा. दुसरा महत्त्वाच्या, पण तातडीच्या नसलेल्या कामांचा. तिसरा तातडीच्या, पण बिनमहत्त्वाच्या कामांचा. चौथ्यात दोन्ही नसलेली. प्रत्येक काम चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी खणात लावायची आणि रविवारच्या बैठकीत आढावा घ्यायचा. पहिला खण कायम रिकामा राहील, हेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट केलं. पहिला खण रिकामा असणं हे उत्तम नियोजनाचं लक्षण असतं, आणि नियोजन उत्तम व्हावं म्हणून त्यात काही लावायचंच नाही असं ठरलं.

"नाना, तुमचा कठडा दुसऱ्या खणात आहे," त्यांनी कौतुकाने दाखवलं. "मानाचा खण आहे."

नानांनी चष्मा वर करून पाहिलं. "महत्त्वाचं आहे, तातडीचं नाही. का रे, तातडीचं का नाही?"

"तुम्ही पडला नाहीत ना."

नानांनी क्षणभर विचार केला. "ते चुकलंच माझं," ते म्हणाले आणि पुन्हा खिडकीतून खाली पाहू लागले.

डॉक्टरबाईंना राहवलं नाही. "माझ्याकडे कोणी दात हलतोय म्हणून आलं, तर त्याला मी कोणत्या खणात बसवू?"

"तुझ्याकडे खुर्ची एकच आहे, म्हणून तुझं भागतं," कक्षप्रमुख म्हणाले. "मोठ्या यंत्रणांचं तसं नसतं."

पहिल्या आठवड्यात घरात सगळ्यांना गंमत वाटली. दुसऱ्या आठवड्यात मुलीच्या दप्तराची चेन तुटली. "बाबा, चेन!" ती शाळेच्या वेळेला रडकुंडीला येऊन म्हणाली. "चिठ्ठी लाव," बाबा म्हणाले. चिठ्ठी तिसऱ्या खणात लागली आणि मुलगी उशीच्या अभ्र्यात पुस्तकं भरून शाळेत गेली. पण पोरगी हुशार. तिने पद्धतीचं मर्म घरात सगळ्यांच्या आधी ओळखलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाबांनी विचारलं, "गणिताचा अभ्यास झाला का गं?"

"मार्गस्थ आहे, बाबा."

कक्षप्रमुखांचा ऊर भरून आला. पोरीने नाव काढलं, असं ते दोन दिवस ऑफिसात सांगत होते. गणिताचा निकाल मग यथावकाश लागला, पण त्याचा इथे संबंध नाही.

इकडे कठड्याच्या चिठ्ठीला पिल्लं होऊ लागली. कोणतंही काम छोट्या छोट्या टप्प्यांत विभागावं, असं पद्धतीतच होतं. त्याप्रमाणे कठड्याची पाहणी झाली, त्याचे सर्व बाजूंनी फोटो निघाले, लाकडाच्या जातीबद्दल मत मागवलं गेलं, स्क्रूचा प्रकार निश्चित झाला. अंतरिम उपाययोजना म्हणून 'कठडा धरू नये' अशी पाटी कठड्यालाच सुतळीने बांधण्यात आली. वारा आला की पाटी हेलकावे खाई आणि तिच्याबरोबर कठडाही. प्रत्येक टप्प्याच्या चिठ्ठीवर कक्षप्रमुख हिरव्या शाईने बरोबरची खूण करत, दोन पावलं मागे जाऊन पाहत आणि समाधानाने हुंकार देत.

एक चिठ्ठी तेवढी हलेना. ती होती 'स्क्रूड्रायव्हर शोधणे'. ती फळ्याच्या अगदी वरच्या कडेला, बरोबर मधोमध लावलेली होती.

"बाबा, तो काय!" मुलीने चिठ्ठीच्या चार बोटं वर बोट दाखवलं.

"तो वापरात आहे," कक्षप्रमुख शांतपणे म्हणाले. "तो काढला तर पद्धतच खाली येईल. आपल्याला मोकळा स्क्रूड्रायव्हर हवा."

मोकळा स्क्रूड्रायव्हर विकत आणण्याची सूचना डॉक्टरबाईंनी बैठकीत मांडली. पण घरात एक असताना दुसरा आणणं ही दुबार खरेदी ठरेल, या कारणाने ती फेटाळली गेली. डॉक्टरबाईंनी मग 'मीच आवळते' असंही म्हणून पाहिलं. त्यावर कक्षप्रमुखांचा चेहरा असा काही उतरला, की त्यांनी तो विषय सोडला. चिठ्ठीवर जबाबदार व्यक्ती म्हणून कक्षप्रमुखांचं एकट्याचं नाव होतं, आणि ते त्यांनी स्वतः, वळणदार अक्षरात लिहिलं होतं.

"किती झालं रे काम?" नाना अधूनमधून विचारत.

"सत्तर टक्के, नाना! फक्त आवळायचा राहिलाय."

नानांनी ही बातमी खिडकीतून खाली पोचवली. "सत्तर टक्के झालाय म्हणे!"

"मग सत्तर टक्के उतरा, मास्तर!" खालून उत्तर आलं. "उरलेलं मी झेलतो!"

दोघे म्हातारे खदखदून हसले. मग हसणं ओसरलं. नाना बराच वेळ तसेच वाकून खाली बघत राहिले.

याच सुमारास ही पद्धत ऑफिसात मोठ्या साहेबांच्या कानावर गेली. साहेबांनी कक्षप्रमुखांना बोलावून घेतलं.

"तुमच्या घरी एकही काम प्रलंबित नाही, असं ऐकतो. खरंय?"

"एकही नाही, साहेब. सगळी मार्गस्थ आहेत."

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. त्यांच्या स्वतःच्या घरी न्हाणीघराचं दार दोन वर्षं लागत नव्हतं आणि घरचे सगळे गाणी म्हणत आंघोळ करत. "विलक्षण! हे सगळ्या खात्याला दाखवलं पाहिजे. ऑफिसपासून घरापर्यंत एकच पद्धत! मी येत्या रविवारी तुमच्याकडे येतो. बरोबर उपसाहेब, फोटोवाला. एक काम उगमापासून पूर्णत्वापर्यंत आमच्या डोळ्यांदेखत करून दाखवा. जमलं, तर सुसूत्रता विभागाचं नवं पद निघतंय, ते तुमचंच समजा."

कोणतं काम दाखवायचं याला विचार करावाच लागला नाही. कठड्याची कागदपत्रं सर्वांत देखणी होती. कक्षप्रमुख त्या दिवशी घरी आले ते तरंगतच.

"रविवार संध्याकाळपर्यंत कोणीही कठड्याला हात लावायचा नाही!" त्यांनी बजावलं.

"आजवर कोण लावत होतं?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

शनिवारी संध्याकाळी पोस्टमन खिडकीखाली येऊन उभे राहिले. आज ते ओरडले नाहीत. "मास्तर, सोमवारी सकाळी निघतोय. लेक न्यायला आलीय. आता तिकडेच राहायचं म्हणते. खोली मोठी आहे, खिडकीतून नदी दिसते म्हणे."

"कोणती नदी?" नानांनी विचारलं. भूगोलाची सवय.

"विचारलंच नाही."

नाना खिडकीतून आणखी वाकले. मग पोस्टमन म्हणाले, "सामान बांधतोय. पट भरायला लागेल. डाव मोडू का?"

"मोडू नकोस," नाना म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की त्यांना ते पुन्हा सांगावं लागलं.

नानांनी त्या रात्रीच्या जेवणाआधी एक काम केलं, जे आजवर केलं नव्हतं. त्यांनी टेबलावरून एक कोरी चिठ्ठी घेतली, फळ्यावर खडूने नद्या काढणाऱ्या त्या हाताने सुरेख अक्षरात तिच्यावर तीन शब्द लिहिले आणि मुलाच्या हातात दिली. 'डाव पुरा करणे.'

"अरे वा, नाना! तुम्हीही पद्धतीत आलात!" कक्षप्रमुखांना कोण आनंद झाला. त्यांनी चिठ्ठी वाचली, डोकं तिरकं करून विचार केला, 'करमणूक' असा शेरा मारला आणि ती चौथ्या खणात लावली.

डॉक्टरबाई हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. त्यांनी ओठ घट्ट मिटले. दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणणाऱ्या बाईने ओठ असे मिटले, की शहाण्या नवऱ्याने जागा सोडावी. पण कक्षप्रमुख उद्याचं भाषण पाठ करत होते.

रविवारी दुपारी ते पुष्पगुच्छ आणायला बाहेर पडले. डॉक्टरबाईंनी गॅसवर दूध ठेवलं, दवाखान्याच्या बॅगेतून एक चपटं हत्यार काढलं आणि जिन्यावर गेल्या. पाटीची सुतळी सोडली, स्क्रू आवळला, कठडा दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिला. परत आल्या तेव्हा दुधावर नुकती साय धरत होती.

"नाना, कठडा झाला. उतरा."

"झाला म्हणजे? किती टक्के?"

"नाना, जा हो आता!"

नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला. वरच्या पायरीवर उभं राहून कठड्याला हात लावला, जरा दाबून पाहिला, मग सगळा भार टाकला. कठडा तसूभर हलला नाही. नानांचे डोळे भरून आले आणि ते लपवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. खाली पोस्टमन दोन्ही हातांत पट तोलत घरातून बाहेर येत होते.

कक्षप्रमुख पुष्पगुच्छ घेऊन परतले, आणि सवयीने कठडा न धरता चढता चढता त्यांना पाटी नसल्याचं दिसलं. त्यांनी कठड्याला बोट लावलं. मग हात लावला.

"अगं, हे कोणी केलं?"

"मी. हातासरशी."

"चिठ्ठी?"

"नाही."

"नोंद तरी?"

"दूध उतू गेलं नाही, हीच नोंद."

"अगं, पण साहेब येतायत!" कक्षप्रमुखांचा आवाज चिरकला. "त्यांना काय दाखवू? झालेलं काम? झालेलं काम काय कोणीही दाखवेल! काम झालंय, पण पद्धतीने झालेलं नाही. म्हणजे ते झालेलंच नाही!"

डॉक्टरबाईंना यावर बरंच काही बोलायचं होतं. पण तेवढ्यात फोन वाजला. कोणाची तरी दाढ सुजली होती. त्यांच्याकडे पहिला खण कधीच रिकामा नसे. नवऱ्याकडे एक नजर टाकून त्या बॅग घेऊन निघून गेल्या.

कक्षप्रमुख जिन्यावर एकटे उभे राहिले. खाली बाकावर नाना पाठमोरे बसले होते, पटावर वाकून. तासाभराचा तर प्रश्न आहे, कक्षप्रमुखांनी मनाशी म्हटलं. नाना काय लगेच वर येत नाहीत. साहेबांसमोर आवळून टाकू की पुन्हा घट्ट. त्यांनी गळ्यातल्या ओळखपत्राची पत्र्याची क्लिप काढली, स्क्रूच्या खाचेत घातली आणि फिरवली. पाटी परत बांधली. पाहणी नाही, टप्पे नाहीत, चिठ्ठी नाही. कित्येक महिन्यांत या घरात त्यांच्या हातून पूर्ण झालेलं हे पहिलं काम, आणि ते त्यांनी चुटकीसरशी केलं.

साहेब आले. बरोबर दोन उपसाहेब आणि एक फोटोवाला. पाटी वाचून साहेबांनी दोन बोटांनी कठडा हलवला. तो छान हलला.

"वा! समस्या अगदी अस्सल राखलीय," ते म्हणाले. उपसाहेबांनीही आळीपाळीने हलवून पाहिला.

दिवाणखान्यात फळ्यासमोर सगळे उभे राहिले. मुलीने पुष्पगुच्छ दिला. कक्षप्रमुखांनी कठड्याचा प्रवास ओघवत्या भाषेत सांगितला. रिकाम्या पहिल्या खणापाशी साहेब बराच वेळ रेंगाळले. असा रिकामा खण त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

"आणि आता," कक्षप्रमुख म्हणाले, "प्रत्यक्ष काम!"

त्यांनी हात वर केला, स्क्रूड्रायव्हरची मूठ धरली आणि भिंतीतून ओढून काढली.

फळा खाली आला. आधी त्याचा कोपरा एका उपसाहेबांच्या बुटावर आपटला, मग सगळा फळा जमिनीवर, आणि वर पंखा चालू असल्यामुळे चारही खणांतल्या चिठ्ठ्या खोलीभर उडाल्या. महत्त्वाच्या, बिनमहत्त्वाच्या, सगळ्या एकत्र. अर्ध्याअधिक खिडकीतून बाहेर पडून अंगणात तरंगत गेल्या. मुलीने टाळ्या वाजवल्या. मग कोणीच वाजवत नाही हे पाहून ती थांबली.

कक्षप्रमुख मात्र डगमगले नाहीत. मोकळा स्क्रूड्रायव्हर अखेर हाती आला होता. ते दाराकडे निघाले.

"कुठे निघालात?" साहेबांनी विचारलं.

"स्क्रू आवळायला, साहेब."

"कोणत्या चिठ्ठीनुसार?"

कक्षप्रमुख थांबले. चिठ्ठी अंगणात कुठेतरी होती.

"चिठ्ठी नसताना काम?" साहेब दुःखाने म्हणाले. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. उद्या जो तो उठेल आणि दिसेल ते काम करून मोकळा होईल! आधी फळा लावा. चिठ्ठ्या गोळा करा. पुढच्या रविवारी बघू." आणि सगळे निघाले. जाताना जिन्यावर चौघेही भिंतीच्या बाजूने, एकमेकांचे खांदे धरून उतरले.

दिवे लागायच्या वेळेला अंगणातून हसण्याचा आवाज आला. डाव संपला होता. नाना हरले होते. पोस्टमनच्या राजाने महिनोन् महिने बादलीखाली बसून काहीतरी विचार केला असावा, असं ते म्हणत होते, आणि हरलेल्या माणसाच्या मानाने फारच खुशीत होते. ते जिन्याशी आले, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि कठड्याला हात टेकला.

कठडा बाहेर कलला.

नानांनी हात काढून घेतला. पाटीकडे पाहिलं. मग मान वर केली. वरच्या पायरीवर त्यांचा मुलगा उभा होता, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन.

"बाळ, दुपारी घट्ट होता रे हा."

कक्षप्रमुखांना वाटलं, ही पायरी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

"नाना, थांबा. मी आत्ता..."

"नको, नको," नाना घाईघाईने म्हणाले. "तुझा केवढा पसारा झालाय तिकडे. तू आपलं सावकाश कर. महत्त्वाचं आहे, तातडीचं नाही."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर कक्षप्रमुखांनी तो परतवला असता. नाना अगदी मनापासून, मुलाला समजून घेत बोलले, मग वळले, पोस्टमनच्या खांद्यावर हात टाकला आणि त्यांच्या दारातून आत गेले. दार लागलं.

कक्षप्रमुख दोन-दोन पायऱ्या टाकत खाली धावले, लागलेलं दार पाहून परत वर आले, कठड्यापाशी गुडघे टेकले आणि स्क्रू आवळला. फार तर चार वळसे. हात लावून पाहिला. घट्ट. ते तसेच खाली गेले आणि पोस्टमनचं दार वाजवलं.

"नाना, झालं! चला वर!"

आतून सोंगट्या मांडल्याचा आवाज आला. मग नानांचा, पटावर वाकलेल्या माणसाचा असतो तसा, लक्ष नसलेला आवाज. "दुसरा डाव मांडलाय रे. तू चिठ्ठी लाव, बाळ. रविवारी बैठकीत बघू."

कक्षप्रमुख शेवटच्या पायरीवर बसून राहिले. अंगणभर चिठ्ठ्या पडल्या होत्या आणि हातात स्क्रूड्रायव्हर होता.

कक्षप्रमुखांना हसून झालं असेल, तर आता तुमच्याबद्दल. ही कथा वाचायला बसण्यापूर्वी तुम्हीही कशासाठी तरी उठला होतात. हातातलं काहीतरी बाजूला ठेवून, एवढं वाचून होऊ दे, मग करतो, असं कोणाला तरी म्हणाला होतात. आता वाचून झालं आहे. उठलात तर जाता जाता खिडकीपाशी एक नजर टाका. तिथे बसलेलं माणूस तुम्हाला काही म्हणणार नाही. ते फार समजूतदार आहे.